दोन पट्ट्यांमधला सूर

तिग्रान हमास्यान आर्मेनियात जन्मला, हे एका ओळीत सांगून होतं. त्याचा पियानो आर्मेनियन कसा झाला हे सांगायला मात्र पुस्तक लागतं. या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून चालणारं लेखन त्याच्याविषयी भरपूर झालं आहे. डोंगराळ देश, जुना धर्म, करुण लोकगीतं आणि त्यातून उगवलेला एक अद्भुत मुलगा, असं चित्र रंगवलं की लिहिणाऱ्याचं काम भागतं. प्रत्यक्षात हा मुलगा ज्या घरात वाढला तिथे लेड झेपलिन, डीप पर्पल आणि ब्लॅक सॅबथ वाजत असे. वडील दागिने घडवणारे, आणि त्यांना वेड रॉकचं. घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला जाझचं. तीन वर्षांचा तिग्रान घरच्या पियानोवर ऐकीव गाण्यांच्या चाली शोधत बसायचा. लोकसंगीत गावात होतंच, पण अंगणातल्या झाडाकडे घरच्यांचं जेवढं लक्ष असतं तेवढंच त्याचं त्याच्याकडे.

गाव ग्युमरी. देशाच्या वायव्य टोकाला, तुर्कस्तानच्या सीमेजवळ. झारच्या काळात ते अलेक्झांड्रोपोल होतं, सोव्हिएत काळात लेनिनाकान. काळ्या आणि तांबूस ज्वालामुखी दगडाची घरं, हरहुन्नरी कारागीर, खोचक विनोद आणि आशुघ म्हणजे गावोगाव फिरून गाणारे कवी, यांसाठी त्याची ख्याती. १९१५च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेली हजारो अनाथ मुलं पुढे या शहरातल्या अनाथाश्रमांत वाढली. तिग्रानचा जन्म १७ जुलै १९८७चा. तो दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा, ७ डिसेंबर १९८८ला, भरदिवसा उत्तर आर्मेनियात भूकंप झाला. स्पिताक गाव जवळजवळ पुसलं गेलं, लेनिनाकानचा मोठा भाग कोसळला, किमान पंचवीस हजार माणसं मेली. तात्पुरती म्हणून उभी केलेली पत्र्याची घरं त्या शहरात पुढे कित्येक वर्षं हलली नाहीत. भूकंपाच्या धास्तीने मेत्सामोरचं अणुवीज केंद्र बंद केलं. मग सोव्हिएत संघ मोडला, अझरबैजानशी युद्ध पेटलं, सीमा बंद झाल्या, आणि नव्वदीच्या सुरुवातीचे हिवाळे आर्मेनियाने दिवसाला दोन-तीन तासांच्या विजेवर काढले. पियानोला वीज लागत नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

ही पार्श्वभूमी मी थोडक्यात उरकतो आहे, कारण तिचा मोह फार. भूकंपातून वाचलेला कलाकार म्हटलं की त्याचा प्रत्येक सूर आपल्याला ढिगाऱ्याखालून आल्यासारखा वाटायला लागतो. तिग्रानने स्वतः या विषयाकडे यायला बराच वेळ घेतला. ‘लेनिनागोन’ ही रचना २०१७च्या ‘ॲन एन्शंट ऑब्झर्व्हर’ या ध्वनिमुद्रिकेत आहे आणि ‘फॉर ग्युमरी’ ही छोटी ध्वनिमुद्रिका २०१८ची, म्हणजे दुर्घटनेला तीस वर्षं होत असतानाची. तोवर त्याची तिशी ओलांडली होती.

दहा वर्षांचा असताना कुटुंब येरेवानला आलं आणि तिथे त्याला वाहाग हायरापेत्यान हे शिक्षक भेटले. हे स्वतः न्यूयॉर्कच्या बॅरी हॅरिस यांच्याकडे शिकलेले. डेट्रॉइटमध्ये वाढलेले हॅरिस म्हणजे बड पॉवेल आणि थेलोनियस मंक यांची विद्या पुढच्यांच्या हाती सोपवणारे, बीबॉप या जाझशैलीतले बुवाच. पुस्तकापेक्षा समोर बसवून, गाऊन घेऊन, चूक तिथल्या तिथे सुधारून शिकवायची त्यांची रीत. अर्थात येरेवान जाझला नवखं नव्हतं. आर्तेमी आयवाझ्यान यांनी १९३८ सालीच तिथे सरकारी जाझ वाद्यवृंद उभा केला होता आणि कोन्स्तान्तिन ऑर्बेल्यान यांनी तो पुढे कित्येक दशकं चालवला. त्यामुळे भूकंपग्रस्त गावातून आलेल्या पोराला राजधानीत आयता मिळाला तो बीबॉपचा वर्ग. त्याने तो मनापासून केला. तिथल्या जाझ महोत्सवात येणाऱ्या चिक कोरियासारख्या पाहुण्यांच्या कानांवर त्याचं वाजवणं पडलं, फ्रान्समधले आर्मेनियन वंशाचे पियानोवादक स्तेफान कोशोयान यांनी त्याला युरोपातल्या मंचांवर नेलं. २००३ साली माँत्र्यूच्या महोत्सवातली पियानोस्पर्धा त्याने जिंकली आणि त्याच सुमारास कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं. २००६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मंक यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याने मारली. दुसरा आला जेराल्ड क्लेटन, तिसरा ॲरन पार्क्स. आज जाझ पियानोत या दोघांची नावंही आदराने घेतली जातात, यावरून त्या वर्षीची चुरस कळावी.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. अमेरिकन विद्या अमेरिकेत जाऊन सिद्ध केलेला परदेशी मुलगा म्हणून त्याला कामं मिळत राहिली असती. पण बीबॉप घोटत असतानाच, तेरा-चौदाव्या वर्षांपासून, त्याच्या मनात दुसरं काहीतरी सुरू झालं होतं, आणि त्याचं श्रेय तो देतो ते एका नॉर्वेजियन माणसाला. यान गार्बारेकच्या सॅक्सोफोनमध्ये त्याने उत्तर युरोपातल्या गुराख्यांच्या हाका ऐकल्या. जाझ वाजवणारा माणूस आपल्या गावाकडची गाणी अशी वापरू शकतो, हे ऐकल्यावर आपल्याही गावाकडे काही गाणी आहेत याची त्याला आठवण झाली. मग त्याने त्यांचा रीतसर अभ्यास सुरू केला. परक्या भाषेचा करतात तसा, ध्वनिमुद्रणं मिळवून, उतरवून काढून. मला या साऱ्या चरित्रातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. वारसा त्याच्याकडे घरातून आला नाही. तो त्याला डेट्रॉइट आणि ऑस्लोला वळसा घालून, कष्टाने मिळवावा लागला. म्हणूनच त्याच्या संगीतात तो वरून लावलेल्या वेलबुट्टीसारखा दिसत नाही.

मिळवला म्हणजे नेमकं काय केलं? इथे थोडं तांत्रिक बोलणं भाग आहे. आपल्या कानाला सप्तकाची सवय आहे. सा पासून निघालो की वरच्या सा ला घरी आलो. आर्मेनियन सुरावट चार स्वरांच्या तुकड्यांनी बांधलेली असते आणि एका तुकड्याचा शेवटचा स्वर हाच पुढच्याचा पहिला असतो. म्हणजे सा रे ग म म्हटलं, की तो म नवा सा झाला. त्याच्यावर पुन्हा सा रे ग म. आणि तिथला म पुन्हा सा. असं चढत गेलं की दुसऱ्या तुकड्यात निषाद कोमल होतो, आणि तिसऱ्यात गेल्यावर खाली शुद्ध असलेला गंधार वर कोमल भेटतो. सप्तकाची घरवापसी इथे होतच नाही. वर गेलेला सूर खालच्या सुराचा प्रतिध्वनी नसून दुसऱ्याच मुलखातला असतो. जाझच्या कॉर्डव्यवस्थेला सप्तक गृहीत आहे. ती या सुरावटींवर जशीच्या तशी बसवली की सुरावटीचा जीव जातो. सुरुवातीच्या ‘वर्ल्ड पॅशन’ आणि ‘न्यू एरा’ या ध्वनिमुद्रिकांमध्ये ही ओढाताण ऐकू येते. दुदुक आणि झुर्ना या फुंकवाद्यांचे वादक सोबत आहेत, पियानो चपळ आहे, पण दोघं अजून एकमेकांकडे पाहुण्यासारखं बघताहेत. २००९च्या ‘रेड हेल’मध्ये आरेनी आघबाब्यानचा आवाज, बेन वेंडेलचा सॅक्सोफोन आणि रॉकचा दणका एकत्र आले तेव्हा पहिल्यांदा त्याला आपली वाट सापडल्यासारखी वाटते.

दुसरी अडचण वाद्याची. मराठी वाचकाला ती समजावून सांगायला नको, कारण पेटीवरून आपण पिढ्यानपिढ्या हेच भांडलो आहोत. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मान मिळवून दिला आणि आकाशवाणीने १९४० साली तिला जे बाहेर काढलं ते तीसेक वर्षं आत घेतलं नाही. आक्षेप ठाऊकच आहे. पट्टी दाबली की ठरलेला सूर, ना मींड, ना श्रुती. पियानोचं दुखणं तर त्याहून मोठं. पेटीचा सूर निदान भाता चालू असेपर्यंत टिकतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. आणि आर्मेनियाचं राष्ट्रीय वाद्य म्हणावं असं दुदुक हे नेमकं उलट टोकाला आहे. जर्दाळूच्या लाकडाची ती नळी, तिची रुंद चपटी पत्ती, आणि दोन वादक: एक सुरावट गातो, दुसरा एकच आधारस्वर न तुटता धरून ठेवतो. त्या आधाराला ते दाम म्हणतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला दाम लगेच कळतो.

पियानोवर दाम धरता येत नाही. तिग्रानने त्यावर शोधलेले उपाय या पुस्तकात सविस्तर येतील. इथे दोनच सांगतो. एक म्हणजे स्वराच्या आधी लावलेले बारीक कण. मुख्य सुराला शेजारच्या पट्टीवरून इतक्या झटक्यात स्पर्श करायचा की कानाला तो सूर वाकल्याचा भास व्हावा. दोन पट्ट्यांच्या मधली जागा अशा रीतीने वाजत नाही, पण ऐकू येते. दुसरा उपाय त्याचा स्वतःचा गळा. वाजवताना तो गातो, गुणगुणतो, कधी तोंडाने तालाचे बोल काढतो. बहुतेकदा शब्दच नसतात. हात जे करू शकत नाही ते गळा करतो. काहींना हा त्याच्या लकबीचा भाग वाटतो. मला ती त्या वाद्याच्या मर्यादेची कबुली वाटते, आणि तिच्यामुळे २०११च्या ‘अ फेबल’मधलं एकट्याचं वादन एकट्याचं वाटत नाही.

या वाटेवर त्याच्या आधी एक माणूस चालून गेला होता. कोमितास वार्दापेत, जन्म १८६९, लहानपणीच पोरके, एच्मियाद्झिनच्या मठात वाढलेले, बर्लिनला जाऊन संगीतशास्त्र शिकलेले धर्मगुरू. खेड्याखेड्यांत फिरून त्यांनी शेतकऱ्यांची हजारो गाणी टिपली आणि जुन्या स्तोत्रांच्या खाझ नावाच्या विस्मृतीत गेलेल्या स्वरलिपीचा उलगडा करण्यात आयुष्यातली वर्षं घातली. २४ एप्रिल १९१५ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन लेखक, संपादक, कलावंत यांची धरपकड झाली तेव्हा त्यांनाही नेलं. काही आठवड्यांनी ते परत आले, पण मन परतलं नाही. १९३५ साली पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. कोमितास यांनी पियानोसाठी काही नृत्यं लिहून ठेवली आहेत आणि त्यांवर सूचना आहेत, की हे नय आणि तार या वाद्यांच्या ढंगात, हे डफाच्या ढंगात वाजवावं. पियानोने पियानोसारखं वाजू नये हा आग्रह तिथे कागदावर आहे. तिग्रानचं काम या सूचनेचाच विस्तार आहे, असं मी म्हटलं तर त्याचं श्रेय कमी होत नाही.

नरसंहाराच्या शताब्दीच्या वर्षी, २०१५मध्ये, त्याने ‘लुईस इ लुसो’ प्रसिद्ध केली. नावाचा अर्थ प्रकाशातून प्रकाश. येरेवानचा सरकारी चेंबर क्वायर, संचालक हारुत्युन तोपिक्यान, आणि पियानो. संगीत पाचव्या शतकातल्या मेस्रोप माश्तोत्सपासून, म्हणजे आर्मेनियन लिपी घडवणाऱ्या संतापासून, नारेकात्सी आणि श्नोर्हाली या मध्ययुगीन धर्मकवींच्या मार्गे थेट कोमितासपर्यंतचं. जर्मनीतल्या ईसीएम कंपनीसाठी मानफ्रेड आयशर यांनी ती निर्मिली, आणि जगभरच्या शंभर चर्चमध्ये ती सादर करायचा संकल्प सोडला गेला. एवढ्या मोठ्या निमित्ताने केलेली कामं सहसा निमित्ताच्या ओझ्याखाली दबतात. इथे तसं झालेलं नाही, कारण तिग्रान तिथे कमी वाजवतो. गायकवृंद लिहिलेलं गातो, पियानो तिथल्या तिथे सुचेल ते. आणि कित्येकदा सुचलेलं न वाजवणं हेच त्याला सुचलेलं असतं. पाठोपाठ आलेल्या ‘ॲटमॉस्फिअर्स’मध्ये त्याने कोमितास वाजवायला आर्वे हेन्रिक्सन, आयविंद आर्सेट आणि यान बांग हे तिघं सोबत घेतले. तिघेही नॉर्वेचे. गार्बारेकचं देणं त्याने असं फेडलं म्हणायचं.

आता उरली लय, आणि तिथे माझी थोडी कुरकूर आहे. आर्मेनियन नाचांत पाच, सात, दहा मात्रांची आवर्तनं सहज येतात. त्यावर तिग्रानने स्वीडनच्या मेशुगा या मेटल बँडकडून घेतलेली युक्ती बसवली. डावा हात विषम तुकड्यांची एक लांब मालिका फिरवत राहतो, झांज मात्र चारचा सरळ ठोका देते, आणि दोघांची सम खूप उशिरा येते. तबल्याची तिहाई ऐकणाऱ्याला यातली गंमत लगेच भिडेल. ‘मॉकरूट’मधली ‘एंटरटेन मी’ किंवा ‘द कॉल विदिन’मधली ‘लेव्हिटेशन २१’ ऐकताना आर्थर हनाटेकच्या ड्रमिंगला दाद द्यावीच लागते. जगभरचे होतकरू ड्रमर आणि गिटारवाले या रचनांच्या मात्रा मोजत बसतात. पण काही ठिकाणी ते कोडं सुटल्यावर हातात फारसं उरत नाही, हेही खरं. गुंता इतका दाट होतो की चाल श्वास घेऊ शकत नाही. त्याच्या चाहत्यांना हे पटणार नाही. पुस्तकात त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे, तिथे भांडावं.

मधल्या काळात तो आर्मेनियाला परतला होता. ‘ॲन एन्शंट ऑब्झर्व्हर’मधलं संगीत तिथे, अरारात पर्वत समोर दिसणाऱ्या घरात आकाराला आलं. अरारात आर्मेनियाच्या राजमुद्रेवर आहे आणि तुर्कस्तानच्या नकाशात. सीमा बंद असल्यामुळे बघता येतो, सहज जाता येत नाही. या मुद्रिकेत प्रचंड वेग नाही, पाहुणे नाहीत. पियानो, गळा आणि थोडी इलेक्ट्रॉनिक साथ. मला विचाराल तर हे त्याचं सर्वांत नितळ काम. त्यानंतर काराबाखवरून अझरबैजानशी २०२०चं युद्ध झालं, आणि २०२३च्या सप्टेंबरात तिथून एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक काही दिवसांत घरं सोडून निघाले. २०२४ची ‘द बर्ड ऑफ अ थाउजंड व्हॉइसेस’ ही दुहेरी ध्वनिमुद्रिका ज्या लोककथेवर आहे ती हजारान ब्लबुलची, म्हणजे हजार आवाजांच्या पक्ष्याची. तो गायला की सुकलेली बाग फुलते, आणि त्याला शोधायला राजपुत्र निघतो. कथा शेकडो वर्षं जुनी आहे; ती आत्ताच का घेतली हे कुणी समजावून द्यायला नको.

मराठी वाचकाने या माणसाविषयी का वाचावं, असा प्रश्न प्रकाशकांना पडू शकतो. संबंध शोधायचेच म्हटले तर ते आहेत. मुंबईच्या फोर्टात मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ साली बांधलेलं सेंट पीटर चर्च आहे. १९०२ साली ज्यांच्या गाण्याने हिंदुस्थानातल्या ध्वनिमुद्रणाचं युग सुरू झालं त्या गौहर जान वडिलांकडून आर्मेनियन. रविशंकरांची सतार कोलंबिया कंपनीतर्फे अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचवणारे जॉर्ज अवाकियान हेही त्याच समाजातले. माइल्स डेव्हिसला कोलंबियात आणण्यामागे तेच होते आणि तरुण कीथ जॅरेटचा कारभारही काही काळ त्यांनी पाहिला. याच जॅरेटने १९८० साली गुर्जिएफची स्तोत्रं पियानोवर ध्वनिमुद्रित केली, आणि गुर्जिएफ हा गूढवादी जन्मला तो अलेक्झांड्रोपोलमध्ये, म्हणजे तिग्रानच्याच गावी. पण हे सगळं योगायोगांचं जाळं आहे. त्यासाठी कुणी चारशे पानं वाचणार नाही. माझं कारण साधं आहे. परंपरा आणि प्रयोग यांच्यावर आपण एवढी चर्चासत्रं घेतो, पण एखादा वादक रोज सकाळी वाद्यापुढे बसून त्या दोहोंचं नेमकं काय करतो, याचं बारकाईने केलेलं वर्णन मराठीत फार सापडत नाही. इथे ते करायचा प्रयत्न आहे.

प्रकरणं कालक्रमाने लावलेली नाहीत. सुरुवात ‘स्टँडआर्ट’पासून होते, जी २०२२ची. तिच्यात तो विसाव्या शतकाच्या वीस ते पन्नासच्या दशकांतल्या अमेरिकन गाण्यांकडे आणि चार्ली पार्करकडे परत जातो. मॅट ब्रूअर आणि जस्टिन ब्राउन साथीला, जोशुआ रेडमन, मार्क टर्नर आणि ॲम्ब्रोज अकिनमुसिरे पाहुणे. येरेवानच्या वर्गात घोटलेला बीबॉप पंचवीस वर्षांनी कसा वाजतो, ते आधी ऐकलं की मागची वाट नीट दिसते. जाझची सवय असलेल्यांनी तिथूनच आरंभ करावा. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांनी ‘लुईस इ लुसो’ घ्यावी, शक्यतो हेडफोनशिवाय, कारण तिच्यात खोलीचाही वाटा आहे. मेटल ऐकणाऱ्या पोरांना मी काही सुचवत नाही. ती ‘मॉकरूट’पर्यंत माझ्या आधी पोहोचलेली असतात.